ओल

"चादर बदललीस, ते दिसतंय मला. पण शेजारच्या पलंगावरच्या आईला सांगितलंस का?"

सिस्टरनं हातमोजे काढून डब्यात टाकले आणि नव्या परिचारिकेकडे पाहिलं. मुलांच्या वॉर्डात सकाळी एका मुलीच्या पाठीवर कांजिण्यांचे फोड दिसले होते. नव्या परिचारिकेनं तिला गुपचूप कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं होतं, जागा पुसून घेतली होती आणि तोंड मिटून बसली होती.

"सांगितलं असतं तर गोंधळ झाला असता, सिस्टर. सगळे आईबाप माझ्याच अंगावर आले असते."

"येऊ देत अंगावर. ही पोर दोन दिवस त्यांच्या मुलांबरोबर खेळत होती. हिला हलवलंस म्हणजे त्यांचं काय झालं? जा, प्रत्येकीला जाऊन सांग. शिव्या दिल्या तर ऐकून घे."

नवी खाली मान घालून गेली. सिस्टरची सुई टोचत नाही, जीभ टोचते, असं सगळ्या मजल्यावर बोललं जायचं. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडायचंही. या वॉर्डात तिचे केस पांढरे झाले होते. साथ आली की काय करायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

दुपारी मुलांच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना वरच्या सभागृहात बोलावलं होतं. परिचारिका, वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकघरातली माणसं, सगळी. जेवणानंतरची वेळ, त्यात पंख्यांची घरघर. मागच्या ओळीत माना डुलायला लागल्या होत्या.

"आज मी तापाबद्दल बोलणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहानपणी ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला अशा बायका जगभरात मोजल्या, तर साधारण पाचांत एक निघते. पुरुषांत सातांत एक. गोवर आला तर आपण दारावर पाटी लावतो. ही साथ कायमचीच आहे, आणि हिची पाटी कुणी लावत नाही."

डुलणाऱ्या माना सरळ झाल्या. कुणीतरी खोकलं. स्वयंपाकघरातली एक बाई पदराशी चाळा करत खाली बघायला लागली.

"करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, मुलांचा लाडका. आणि एका मुलावर तो थांबेल, असं समजू नका. मूल सांगत नाही. मूल म्हणतं, पोटात दुखतंय. मग आपण पोटाचं औषध देतो."

सिस्टर पेनचं टोपण काढत होती, लावत होती. पोटाचं औषध. तिनं ते स्वतः दिलं होतं, आपल्या इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला. नुसतं औषध देऊन थांबली नव्हती. शेजारधर्म म्हणून तिला इथं आणून सोनोग्राफीही करून घेतली होती, रांगेत न थांबवता. सोनोग्राफीत काही निघालं नाही. तेव्हा मुलीच्या आईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. "तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली होती.

बाजूच्या खुर्चीवरून नवी कुजबुजली, "सिस्टर, सांगितलं मी सगळ्यांना. दोघींनी खूप सुनावलं."

तिला शाबासकी हवी होती. सिस्टरनं पेनचं टोपण घट्ट लावलं आणि समोर बघत राहिली.

*

सिस्टर राहायची त्या इमारतीला चार मजले होते आणि लिफ्ट नव्हती. तिचा नवरा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करून यायचा आणि मग आपल्या घरी धापा टाकत जिना चढायचा. यावरून त्याची रोज थट्टा व्हायची, आणि ती करण्यात सगळ्यांत पुढे असायचा त्याचा थोरला भाऊ. भाऊजींचं तळमजल्यावर शोभेच्या माशांचं दुकान होतं. भिंतीभर काचेच्या टाक्या, आत निळा उजेड, पाण्यात सोडलेल्या नळ्यांची बुडबुड. इमारतीतली सगळी मुलं त्यांना मासेकाका म्हणायची. माशांना खाणं घालायला मिळावं म्हणून शाळेतून आली की दप्तरं न ठेवताच आत पळायची.

तिची मुलगीही पळायची. लहानपणी गाल भरभरून खायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. एका संध्याकाळी, नऊ वर्षांची असताना, खारू दुकानातून घरी आली. फ्रॉकची कड ओली होती. बूट न काढता ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली.

"आई, मला मासेकाकांकडे नाही जायचं आता. ते हात लावतात."

कुठे, ते तिनं दाखवलं. रडली नाही. आईनं तिचे बूट काढले, ऊन पाणी काढलं, तिचे केस धुतले. आपला चेहरा पोरीला दिसू नये म्हणून ती तिच्या पाठीमागे बसली होती.

"नको जाऊस," ती म्हणाली. "उद्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे दवाखान्यात येत जा. आणि हे बाबांना नको सांगूस हं. बाबांना त्रास होईल."

खारूनं मान हलवली. झालं, एवढंच.

नवऱ्याला तिनं सांगितलं की दुकानात ओल असते, खारूला सारखी सर्दी होते. "खरंय," तो म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नाही." भाऊजींनाही तेच सांगितलं. त्यांनी पोरगी का येत नाही हे एकदाही विचारलं नाही, आणि न विचारण्यातच तिला सगळं कळलं. तरी ती गप्प राहिली. नवरा लहान असताना आईवडील गेले, थोरल्या भावानं त्याला वाढवलं, शाळेत घातलं. दादा म्हणजे त्याचा बाप होता. कुठल्या तोंडानं सांगणार? आणि आपली पोर तर आता सुटली होती. ती दर रविवारी भाऊजींना जेवायला वाढत राहिली. नजर ताटात ठेवून.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीची मुलगी त्याच सुमाराला दुकानात जायला लागली. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. जिन्यावरून तिला आत जाताना सिस्टर बघायची. एकदा ती शिवणवालीच्या दारापर्यंत गेलीही. दार उघडलं. "दुकानात फार ओल असते हो," एवढं बोलली. शिवणवाली हसली. "मुलांना कसली आलीय ओल!" सिस्टर परत खाली आली. पुढे त्या मुलीचं पोट दुखायला लागलं, शाळा बुडायला लागली. मग सोनोग्राफी.

आणि मग अकरा-बारा वर्षांची झाल्यावर खारू आपणहून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. पुस्तक घेऊन, भिंतीला टेकून. आत जायची नाही, पण शाळेतून आली की तिथंच. काही दिवस सिस्टरचा जीव वरखाली होत राहिला. मग एक दिवस तिनं खारूला आतल्या मुलांशी हसून बोलताना पाहिलं आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. विसरली पोर. मुलं विसरतात. कदाचित तेव्हा तसं काही नसेलही. त्यानंतर तिला शांत झोप लागायला लागली.

*

डॉक्टरबाईंच्या भाषणानंतर त्या संध्याकाळी सिस्टर घरी आली तर नणंद आलेली होती. मुलीला घेऊन नुकतीच ती या गावात राहायला आली होती आणि तिला एका औषधाच्या कंपनीत कामही मिळालं होतं. सगळे जेवायला बसले होते. नणंदेची मुलगी, गोटी, खुर्चीवर गुडघे टेकून खारूच्या ताटातलं उचलून खात होती.

"सगळं मार्गी लागलं, वहिनी," नणंद म्हणाली. "फक्त हिची दुपारची काळजी होती. तर दादाच म्हणाला, माझ्या दुकानात सोडत जा. संध्याकाळी मी येईपर्यंत. हिला तर मासे म्हणजे जीव की प्राण!"

"दादा आहे ना," नवरा म्हणाला. "घरचं माणूस असताना पाळणाघर कशाला? बस, ठरलं."

सिस्टर भात वाढत होती. तिनं आणखी एक डाव वाढला, नवरा "अगं, बास बास" म्हणाला तेव्हा थांबली.

"कधीपासून?" खारूनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यापासून. का गं?"

"काही नाही." खारूनं गोटीच्या ओठावरचं शीत पुसलं आणि उरलेलं जेवण तसंच ठेवून उठली.

नणंद गेल्यावर मायलेकी ओट्याशी उभ्या होत्या. आई भांडी घासत होती, लेक पुसत होती. पुढच्या महिन्यात खारू दुसऱ्या शहरात शिकायला जाणार होती. प्रवेश झाला होता, वसतिगृहातली खोली ठरली होती, बापानं नवी बॅग आणली होती.

"आई, मी नाही जात."

"कुठं?"

"कॉलेजला. इथल्याच कॉलेजात बघते. अजून जागा आहेत."

"वेड लागलंय का? वर्षभर जीव काढलास त्याच्यासाठी."

खारू एकच ताटली पुसत राहिली. "मी गेल्यावर पायरीवर कोण बसणार?"

नळ चालू होता. सिस्टरनं तो बंद केला नाही.

"तू... त्यासाठी बसायचीस?"

"मग काय मासे बघायला?" खारू हसल्यासारखं करून म्हणाली. "मी दारात असले की ते काही करत नाहीत. नुसतं बसायचं. मूल आत असलं की बाहेर बसायचं, मूल गेलं की घरी यायचं. सोप्पंय. परीक्षा असली की थोडी पंचाईत व्हायची."

"किती दिवस... म्हणजे, सगळी वर्षं?"

"तिसऱ्या मजल्यावरची मात्र राहून गेली." खारूचा आवाज खाली गेला. "तेव्हा मी लहान होते. मला सुचलंच नाही. मला उशीर झाला, आई."

सिस्टरनं ओट्याची कड धरली. हाताला साबण होता, हात घसरला. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि जे तोंडाला आलं ते बोलून झाल्यावर तिला जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"मला सांगायचं नाहीस का गं?"

खारूनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. चुकीचं ऐकलं की काय, अशा नजरेनं ती बघत होती.

"सांगितलं होतं की."

तिनं ताटली फळीवर ठेवली, फडकं दांडीवर वाळत घातलं आणि खोलीत निघून गेली. सिस्टरनं नळ बंद केला. सकाळी त्या नव्या पोरीला आपण काय काय बोललो, ते तिला शब्द न् शब्द आठवत होतं.

*

नवरा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होता. तिनं टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर उभी राहूनच सांगितलं. बसली असती तर सांगता आलं नसतं.

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "दादा? कुणाबद्दल बोलतेयस कळतंय का तुला?"

"कळतंय."

"लहान होती ती. काहीतरी समज-गैरसमज... थांब, मी विचारतो तिला." तो उठला.

सिस्टर त्याच्या वाटेत आली. "तिला आता काही विचारायचं नाही. तिनं एकदा नीट सांगितलंय. मीच ऐकलं नाही."

तो उभाच राहिला. खारूच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिला. दाराशी ती नवी बॅग होती, अजून वरचा प्लॅस्टिकचा कागदही काढला नव्हता. तो म्हणाला, "म्हणजे ती ओल..."

"हो."

"आणि तू मला इतकी वर्षं..."

"हो."

तो खाली बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, वाट बघणाऱ्या माणसासारखा. आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तो हक्क आपल्याला आहे का, हे तिला ठरवता येईना.

नणंदेला तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच गाठलं. नणंद कामावर जायच्या घाईत होती, एका हातात गोटीचे मोजे. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला.

"वहिनी, तुझं त्याच्याशी कधी पटलं नाही, ते मला माहितेय. पण इतक्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं. माझ्या भावाबद्दल बोलतेयस तू! आणि एवढं होतं, तर दर रविवारी पंगतीला कशी बसवत होतीस त्याला?"

सिस्टर म्हणाली, "माझ्यावर विश्वास नको ठेवूस. मला तोंडही दाखवू नकोस. फक्त हिला तिथं सोडू नकोस."

नणंदेनं दार आपटलं. पण त्या दारामागून सिस्टरला ऐकू आलं, गोटी काहीतरी विचारत होती आणि तिची आई तिला म्हणत होती, "गप. आज आपण दोघी घरीच राहायचं."

दवाखान्यात तिनं डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार आतून लावलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की हे पुढे कळवावंच लागेल, पोलीस येतील, चौकशी होईल. खारूशी त्या स्वतः बोलतील, तिला हवं असेल तेव्हा आणि हवं तेवढंच.

"खारूला विचारलंय मी," सिस्टर म्हणाली. "बोलायला तयार आहे. पण म्हणाली, आधी तिसऱ्या मजल्यावर सांगा."

"आमच्या समुपदेशक जाऊन भेटतील त्यांना. ते तुम्हीच करायला हवं असं नाही."

"नाही. मी जाते."

डॉक्टरबाईंनी समोरची वही मिटली. "त्या चिडतील तुमच्यावर."

"चिडू देत," सिस्टर म्हणाली.

*

ती परतली तेव्हा दुकानात निळा उजेड होता. पायरी रिकामी होती आणि आत कुणी मूल नव्हतं. भाऊजी जाळीनं टाकीतला कचरा काढत होते.

"काय सिस्टर, आज लवकर सुटका?" त्यांनी हाक मारली. रोजचाच आवाज, रोजचंच हसू.

ती थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. हसू चेहऱ्यावर होतं तिथंच राहिलं, पण जाळीचा हात थांबला. मग ती जिना चढायला लागली.

आपल्या दारावरून ती पुढे गेली. तिसऱ्या मजल्यावर शिवणयंत्राचा आवाज बाहेर येत होता. तिनं घंटा वाजवली. यंत्र चालूच राहिलं. दार शिवणवालीनं उघडलं, गळ्यात टेप, बाहीला टाचण्या.

"सिस्टर! या ना, आत या. मशीनवर पोरगी बसलीय. आता चांगलं जमतं तिला. शाळेपेक्षा हेच बरं, म्हणते. माणसांत यायला नको."

"इथंच बोलते," सिस्टर म्हणाली.

वाटेत तिनं सगळं जुळवून आणलं होतं. पण पहिल्या दोन वाक्यांनंतर जुळवलेलं गळून पडलं. तिनं दुकान म्हटलं, भाऊजी म्हटलं, खारू म्हटलं. कुठंही वळसा घेतला नाही. पुढचं वाक्य बोलायचं होतं, पोटदुखीचं, पण ते बोलायची वेळ आली नाही. शिवणवालीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला होता आणि मागच्या मागे तिचा हात दाराची कडी शोधत होता. कसं शक्य आहे, असं ती म्हणाली नाही. कुणी सांगितलं, असंही तिनं विचारलं नाही. जणू खूप दिवस हरवलेली एक गोष्ट कुणीतरी तिच्या हातात आणून दिली होती आणि ती आता तिला ओळखू येत होती.

आत यंत्र चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं.

"तुम्हाला," शिवणवालीनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

सोपं उत्तर तयार होतं. काल कळलं, काल लेकीनं सांगितलं. त्यात खोटं फारसं नव्हतंच. नवऱ्यानं ते खोडून काढलं नसतं, डॉक्टरबाईंनीही नसतं, आणि या बाईनं कदाचित पुन्हा तिचे हात हातात घेतले असते.

"तुमची मुलगी दुकानात जायला लागली, त्याच्या आधीपासून," सिस्टर म्हणाली.

शिवणवालीनं गळ्यातला टेप काढला. तो बोटांभोवती गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला. मग ती वळली आणि आत गेली.

दार तिनं उघडंच ठेवलं होतं. ते रागानं होतं, की लावायचं राहून गेलं होतं, की बोलावणं होतं, हे सिस्टरला कळेना. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत यंत्र थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मग एका मुलीचा, झोपेतून उठल्यासारखा आवाज:

"काय झालं, आई? कोण आलंय?"